शुक्रवारचं स्पेलिंग आणि दादरची आजी

सोमवारी दहा शब्दांची यादी घरी येते आणि शुक्रवारी शाळेत चाचणी होते. लंडन असो, न्यू जर्सी असो की सिडनी, पुष्कळ प्राथमिक शाळांचा रिवाज थोड्याफार फरकाने हाच. आणि पुष्कळ मराठी घरांत ती यादी आठवते गुरुवारी रात्री, जेवणं आटपल्यावर. मग हुकूम सुटतो, "प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून काढ."

यातून काही का साधत नाही, ते वहीतच दिसतं. ‘बिकॉज’ लिहायला सांगितलं की मूल आधी वरपासून खालपर्यंत दहा ‘बी’ काढतं, त्यांच्या शेजारी दहा ‘ई’, मग दहा ‘सी’. पान भरतं, पण अख्खा शब्द हातून एकदाही उतरलेला नसतो. जी मुलं सरळ लिहितात, तीही वरच्या ओळीवरून नक्कल करतात. म्हणजे आठवायची वेळच येत नाही, आणि चाचणीत तर नेमकं आठवायचंच असतं. त्यात तिसऱ्या ओळीत चूक शिरली, तर उरलेल्या सात ओळी ती चूक पक्की करण्यात जातात.

त्यापेक्षा सोमवारी यादी हातात पडली की काहीही न शिकवता दहाही शब्द एकदा घालून बघा. सहा-सात बरोबर येतील, ते बाजूला ठेवा. उरलेल्या तीन-चार शब्दांवरच आठवडा घालवायचा. त्यांतही सगळा शब्द अवघड नसतो. ‘सेड’ लिहिताना एस आणि डी कुणाचे चुकत नाहीत, घोडं अडतं मधल्या ए-आयपाशी. मुलालाच त्या दोन अक्षरांखाली रेघ मारू द्या. मग कोरा कागद उभा दुमडून चार रकाने करा. पहिल्या रकान्यात शब्द लिहायचा, नीट बघायचा, मोठ्याने म्हणायचा, रकाना मागे दुमडायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं आणि दुसऱ्या रकान्यात लिहायचं. उघडून ताडून बघायचं. चुकलं तर फक्त अक्षर दुरुस्त करून चालत नाही, तिसऱ्या रकान्यात पूर्ण शब्द नव्याने लिहायचा. रोज दहा मिनिटं पुरतात. पंधराव्या मिनिटाला मूल पेन्सिलीला टोक काढायला उठतं, तेव्हा वेळ संपली असं समजा.

आता आजी. आठवड्यातला एक दिवस, शक्यतो बुधवार, मुंबईहून फोनवर शब्द घालायला तिच्याकडे द्या. "आमचे उच्चार तिकडच्यासारखे नाहीत, मूल चुकीचं शिकेल" म्हणून आजी-आजोबा मागे सरतात. स्पेलिंगपुरतं बोलायचं तर हे उच्चार बऱ्याचदा कामीच येतात. अमेरिकेत वाढणारं मूल ‘वॉटर’ला ‘वॉडर’ म्हणतं, तसंच ऐकतं आणि मधे डी लिहून मोकळं होतं. आजीचा खणखणीत ‘ट’ त्याला टी दाखवतो. लंडनचं मूल ‘सिस्टर’चा शेवट ‘स्टऽ’वर सोडतं. आजीचा ‘र’ गळत नाही, त्यामुळे तिथे आर आहे हे कानालाच कळतं. इंग्लंडच्या अभ्यासक्रमात इयर तीन-चारसाठी, म्हणजे सात ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी, शंभरेक शब्दांची ठरलेली यादी आहे. तीत फेब्रुवारी आणि लायब्ररी हे दोन्ही आहेत. तिथली पुष्कळ मुलं ‘फेब्युअरी’ आणि ‘लायब्री’ म्हणतात आणि लिहिताना एक आर खातात. आपल्या बोलण्यात तो शाबूत आहे.

हीच युक्ती पुढे ताणता येते. लिहिण्यापुरता शब्द अक्षरांप्रमाणे फोडून म्हणायचा: वेड-नेस-डे, फ्राय-एंड, इस-लँड, क-नाइफ. आजीने हे ठसक्यात म्हटलं की मुलं हसतात, आणि हसलेला शब्द लक्षात राहतो. फक्त खरा उच्चार आधी एकदा म्हणून घ्यावा.

तीन ठिकाणी मात्र मुंबईचा उच्चार दगा देतो. पहिलं, व्ही आणि डब्ल्यू. मराठीत व आणि व्ह लिहायला वेगळे, बोलताना घरोघरी एकच. त्यावर उपाय जुन्या मराठी शाळेतलाच आहे. पाचवीत एबीसीडी गिरवलेल्या पिढीने "सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर" असं घोकलंय. त्यातलं ‘म्हणजे मांजर’ फार कामाचं आहे. शब्द सांगताना अर्थही मराठीत सांगायचा: "वेस्ट म्हणजे दादर वेस्टमधलं, व्हेस्ट म्हणजे बनियन." दुसरं, डॉक्टर, टीचर, कॅलेंडर यांचा शेवट आपल्याकडे सारखाच ऐकू येतो आणि स्पेलिंगमध्ये ओ-आर, ई-आर, ए-आर असा तीन तऱ्हांचा असतो. इथे ‘डॉक-टॉर’, ‘कॅलेन-डार’ असं मुद्दाम वाकडं म्हणावं. तिसरं, ‘डबल’. आपल्याला ‘डबल टी, डबल एल’ म्हणायची सवय. ‘व्हॅक्यूम’ला तुम्ही ‘डबल यू’ म्हणालात, की मूल डब्ल्यू लिहिणार. दोन्ही अक्षरं सुटी म्हणा.

सारख्या उच्चाराच्या शब्दांतही मराठी अर्थ उपयोगी पडतो. ‘देअर’ दोन आहेत, एक तिथे, एक त्यांचं. इथे, तिथे, कुठे या तिघांचं शेपूट मराठीत सारखं आहे. इंग्रजीतही त्या अर्थाच्या तीनही शब्दांच्या शेवटी एच-ई-आर-ई आहे. एवढं एकदा दाखवलं की ‘त्यांचं’वालं ‘देअर’ आपोआप वेगळं पडतं.

आजोबांची एक खोड आधीच आवरून घ्या. मुंबईत शिकलेल्यांचं स्पेलिंग ब्रिटिश वळणाचं, तर अमेरिकेतल्या शाळेला ‘कलर’मध्ये यू नको असतो आणि ‘सेंटर’ ई-आरने संपायला हवं असतं. नोआ वेब्स्टर या अमेरिकन कोशकाराने १८२८च्या शब्दकोशात या रूपांना जागा दिली आणि तिकडे तीच रुळली. म्हणून चूक कुणाचीच नाही, पण यादीत जे छापलंय ते प्रमाण. यादीचा फोटो सोमवारीच व्हॉट्सॲपवर पाठवा. शेवटचं अक्षर झी की झेड, तेही तेव्हाच सांगून टाका.

फोनची वेळ जुळवणं हे वेगळंच गणित. लंडनला शाळेतून येऊन खाणंपिणं होईपर्यंत चार वाजतात. तेव्हा मुंबईत हिवाळ्यात साडेनऊ, उन्हाळ्यात साडेआठ. साडेआठ म्हणजे ऐन मालिकेची वेळ, हा तह आधीच करून ठेवा. न्यू जर्सीहून सकाळी सव्वासातला फोन लावला, तर मुंबईत हिवाळ्यात पावणेसहा आणि उन्हाळ्यात पावणेपाच, म्हणजे चहा समोर असतो. कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यावर असू द्या, वहीवर नको. वही दिसली की आजीच्याने राहवत नाही, शब्द अर्धा असतानाच "अगं, नाही नाही" सुरू होतं आणि मूल स्वतः विचार करायचं थांबतं. दहा शब्द झाल्यावर वही कॅमेऱ्यासमोर धरायची, तपासणी तेव्हा. वेळ जमतच नसेल, तर आजीने आवाजी संदेश पाठवावा: शब्द, वाक्य, पुन्हा शब्द, मग दहा सेकंद गप्प. ती दहा सेकंद शांत राहणं आजीलाच सगळ्यात जड जातं, तिने चक्क आकडे मोजावेत.

गुरुवारी नवीन काही नको, यादीचा क्रम उलटासुलटा करून एकदा घाला. ओळीने पाठ झालेले शब्द क्रम बदलला की पुष्कळदा कोसळतात, ते शुक्रवारी वर्गात कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. चाचणीत चुकलेला शब्द चिठ्ठीवर लिहून रिकाम्या बिस्किटाच्या डब्यात टाका. पुढच्या सोमवारी नव्या यादीबरोबर त्यातल्या दोन चिठ्ठ्या काढायच्या. लागोपाठ तीन सोमवार बरोबर आलेली चिठ्ठी फाडायचा मान मुलाचा. सहा-आठ आठवडे असं करूनही काल पक्का झालेला शब्द आज साफ पुसला जात असेल, आणि वाचतानाही मूल तसंच अडखळत असेल, तर यादी आणि डबा दोन्ही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा.