आहारतज्ज्ञांच्या संघटनेने खाद्यपदार्थांच्या कंपनीचं प्रायोजकत्व घ्यावं का? घेतलं तर स्वतंत्र कसं राहायचं?

मी परभणीत आहारतज्ज्ञ आहे. आमच्या लहानशा संघटनेचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून उत्तर देतेय.

कंपनी बाळांच्या दूधपावडरीची, बाटल्यांची किंवा शिशुआहाराची असेल तर चर्चाच नको. या मालावर नियंत्रण ठेवणारा १९९२ चा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांनुसार त्यांना आरोग्यसेवकांच्या संघटनेला परिषदेसाठीसुद्धा पैसे देता येत नाहीत.

खरी पंचाईत बाकीच्यांची. एका वर्षी प्रोटीन पावडरवाल्यांनी आम्हाला हॉल दिला, जेवण दिलं, पिशव्या वाटल्या. अट काहीच नव्हती. पुढच्या महिन्यात महिलांच्या एका कार्यक्रमात कुणीतरी विचारलं, "मॅडम, पोराला तो डबा आणू का?" एरवी मी फटकन म्हणाले असते, डाळ, अंडी, शेंगदाणे, फुटाणे दे, डबा राहू दे. त्या दिवशी म्हणाले, "गरजेनुसार बघा." मला कुणी काही सांगितलं नव्हतं, मीच जीभ आवरली. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी म्हणतात. टाळी नाही वाजवली, पण मिंधी झालेच की.

तेव्हापासून वक्ते आणि विषय आम्हीच ठरवतो. करार एका वर्षाचा. कुणी किती दिले ते वार्षिक सभेत नावासकट वाचून दाखवतो. ज्या पदाधिकाऱ्याचं कंपनीकडे खासगी काम असेल, तो त्या विषयापुरता बैठकीतून उठतो (यावरून रुसवेफुगवे होतात, होऊ द्या). आणि संघटनेचं चिन्ह कुठल्याही पुड्यावर नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेच्या मुलांसाठीच्या उपक्रमाचं चिन्ह क्राफ्ट कंपनीच्या चीज स्लाइसवर आलं. ही शिफारस नव्हे, असा खुलासा संघटनेने केला. पण दुकानात उभं राहून खुलासा कोण वाचतो? त्यांच्याच सभासदांनी रान उठवलं आणि ते मागे घ्यावं लागलं.

भागीदारी वाईटच असते असंही नाही. इथल्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाण २०१८ मध्ये आणलं, लोह आणि जस्त जास्त असलेलं. त्यावर आम्ही एकत्र कार्यक्रम केला. "या भाकरीने रक्त वाढतं का?" असं एकीने विचारलं. मी त्यांच्याच व्यासपीठावरून सांगितलं, भाकरी जरूर खा, पण तेवढ्यावर विसंबून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नका. कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही.

आता कुणी पैसे देऊ केले की मी एकच गोष्ट लेखी मागते: तुमच्या मालाविरुद्धही आम्ही याच मंचावरून बोलू. गेल्या खेपेला एका तेलवाल्यांना तसा मेल टाकला. उत्तर आलं नाही. मग सभासदांकडून पाचशे-पाचशे काढले, कॉलेजचा हॉल घेतला आणि जेवायला पिठलं-भाकरी ठेवली.