गॅस्केट नवीन, तरी पाणी उडतंच! : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी टाटा १६१३ हाय, जुनी गाडी. सीझनला ऊस, एरवी सोयाबीन-कापूस, मिळंल ते भाडं मारतो. उन्हाळ्यात मांजरसुंब्याचा घाट चढताना गरमीचा काटा लालमध्ये गेला अन् रेडिएटरचं सगळं पाणी उडालं. गावातल्या मिस्त्रीनं हेड उतरवून गॅस्केट टाकली, महिना-दीड महिना गाडी बरी चालली अन् परत तेच. दुसऱ्यांदा टाकली, तरी आता पुन्हा पाणी उडायलंय. मिस्त्री म्हणतो आता हेडच बदला. काय करू?
– एक ट्रकमालक, ता. गेवराई, जि. बीड

उत्तर : दादा, हेड घ्यायला पैसे काढायच्या आधी जरा थांबा. तुमच्या पत्रावरून असं दिसतंय की दोन गोष्टी कुणी बघितल्याच नाहीत, एक तर पाणी खरंच हेड गॅस्केटमुळं (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, तो अन् खालचा ब्लॉक यांच्या मधली सील करणारी पट्टी म्हणजे गॅस्केट) उडतंय का, अन् दुसरी म्हणजे मुळात ती गॅस्केट गेली कशानं. गॅस्केट आपोआप जात नाही, तिला गरमी खाते, अन् गरमीचं कारण तसंच ठेवून नवीन टाकली की तीपण जाणार.

आधी पहिली गोष्ट. सकाळी इंजिन पार थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा (गरम गाडीचं झाकण चुकूनही उघडू नका, तोंड-हात भाजलेले ड्रायव्हर लई बघितलेत), पाणी काठोकाठ भरा अन् गाडी चालू करा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते, ते बुडबुडे थोड्या वेळात थांबतात. ते थांबलेच नाहीत अन् एक्सिलेटर दिला की वाढले, तर पाण्यात कुठून तरी गॅस किंवा हवा घुसतीय. झाकण लावून बघायचं तर पाणी अजून गार असतानाच वरचा होज पाईप फुगून टणक होतो का ते हातानं दाबून बघा.

आता इथंच बरेच मिस्त्री फसतात, कारण एअर ब्रेकच्या गाडीला हवेचा कॉम्प्रेसर असतो अन् तो पाण्यानं थंड होणारा असेल तर त्याच्या छोट्या हेडची गॅस्केट गेली तरी तो पाण्यात हवा ढकलतो, दिसायला अगदी सेम, बुडबुडे पण येतात पाणी पण उडतं, अन् माणूस इंजिनचं हेड खोलून बसतो. म्हणून कॉम्प्रेसरला जाणारे-येणारे दोन्ही पाण्याचे पाईप काढून एकमेकाला जोडा अन् दोन-चार मिनिटं इंजिन चालवून बघा, त्याहून जास्त नको, कॉम्प्रेसर बिनपाण्याचा तापतो. बुडबुडे बंद झाले तर दोष कॉम्प्रेसरचा, तुमचं काम स्वस्तात झालं म्हणून समजा.

बंद नाही झाले, तर हेड उतरवावंच लागंल. पण या टायमाला लेथवाल्याकडं न नेता परत बसवू देऊ नका. एकदा लाल काट्यावर गेलेलं हेड बहुतेक वेळा थोडं तरी वाकतं. डोळ्याला काही दिसत नाही, त्याला सरळ पट्टी उभी धरून, लांबीत, रुंदीत अन् दोन्ही कर्णांवर, खालून फिलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांची) पाती घालून बघावं लागतं. ०.०५ मिमीची पाती जात नसंल तर चिंता नाही, ०.१ च्या पुढची जायला लागली तर फेसिंग मारायचीच (लेथवर तोंड कापून सपाट करायचीच) वेळ आली, नक्की लिमिट मात्र तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलचीच धरा. ब्लॉकचं तोंड पण असंच तपासा, ते कुणी बघत नाही. डिझेलमध्ये जळताना सिलिंडरातलं प्रेशर शंभर बारच्या वर जातं, त्यामुळं वाकलेल्या हेडखाली नवी गॅस्केट महिनाभर दम धरते अन् मग जाते, तुमचं दोन्ही वेळा तेच झालं असावं.

फेसिंगला पण मर्यादा असते. हेड जास्त कापलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात अन् नोझल (डिझेल फवारणारी) जास्त बाहेर डोकावते, म्हणून किती उरलंय ते मोजून घ्या. अन् लेथवाल्याला सांगून प्रेशर टेस्ट करा, तीपण गरम पाण्यात, कारण दोन व्हॉल्व्हच्या सीटमधली बारीक चीर थंडीत मिटलेली असते अन् तापल्यावर उघडते. ही चीर निघाली तर मात्र मिस्त्रीचं खरं, हेड बदला.

बसवताना काय होतं ते मी सांगतो, तुम्ही शेजारी उभं राहून बघा. जुनी गॅस्केट खरवडताना कोरडी घासायची नाही अन् हवेनं उडवायची तर बिलकुल नाही, जुन्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ छातीत गेलेली वाईट, ओली करून काढा. बोल्टाच्या भोकात ऑईल किंवा पाणी साचलेलं असंल तर ते काढून टाका, नाहीतर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जातो, अन् वरून टॉर्क (बोल्ट आवळायचा ठरलेला जोर) बरोबर दिसतो पण हेड दबलेलं नसतं. ताणलेले, आटे गेलेले बोल्ट परत वापरू नका. नोझलखालचे तांब्याचे वायसर नवीन. मग आवळणं. आपल्याकडं पान्याला पाईप लावून ‘लागला बघ’ म्हणत आवळायची पद्धत हाय, ती इथं चालत नाही. टॉर्क पाना पाहिजे, मधल्या बोल्टापासून सुरू करून बाहेर जायचं, अन् एका दमात नाही, तीन टप्प्यांत. खोलताना याच्या उलटं, कडेपासून आत. मिस्त्रीकडं टॉर्क पाना नसंल तर भाड्यानं आणा, नाहीतर मिस्त्री बदला.

जुन्या पद्धतीची गॅस्केट असंल तर थोडी चालवून पुन्हा एकदा टॉर्क द्यावा लागतो, गरमवर द्यायचा की थंड झाल्यावर ते मॅन्युअलात बघा. अन् त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) परत सेट करा, कारण हेड बसलं की टॅपेटचा गॅप बदलतो. हे दुसरं टॉर्कचं काम लोक टाळतात, गाडी भाड्यावर निघून जाते.

आता गरमीचं कारण. मला विचाराल तर माझा संशय पाण्यावरच हाय. आपल्या मराठवाड्यात बोअरचं पाणी जड, ज्या हंड्यात रोज तापवता त्याच्या आत पांढरा थर बघा, तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत अन् हेडच्या आतल्या वाटांत बसतो. वाटंत थांबलं की ढाब्यावरचं, शेतातलं, दिसंल ते पाणी ओतायचं, असं वर्षानुवर्षं. सपाट रस्त्यावर चालून जातं, पण घाटात भरल्या गाडीनं खालच्या गिअरला स्पीड कमी, हवा कमी, अन् वरून मे महिन्याचं ऊन. गाडी गरम झाल्यावर बंद करून रेडिएटरच्या जाळीवर लांबूनच हात फिरवा, मधे थंड पट्टे लागले तर तिथल्या नळ्या बंद. रेडिएटरवाल्याकडून टाक्या खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या. पुढं साधं पाणी बंद, कुलंट अन् आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी.

झाकण नवीन घ्या, ते स्वस्त असतं. चांगलं झाकण प्रेशर धरून ठेवतं म्हणून पाणी ११५ डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, रबर गेलेलं असंल तर शंभरालाच उकळतं, आपल्या पठारावर तर शंभराच्याही जरा आधी. अन् थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून फेकला असंल (काढलाच असंल!) तर परत बसवा. काही इंजिनांत तो नसला की पाणी रेडिएटरकडं न जाता बायपासमधूनच फिरत राहतं अन् गाडी उलट जास्त तापते. पंख्याचा बेल्ट ढिला हाय का, पाण्याच्या पंपाच्या भोकातून गळतंय का, तेवढं बघून घ्या.

प्रश्न : ऑईलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखं पांढरं दिसायलंय. गॅस्केट गेली का?
– उदगीरहून एक वाचक

उत्तर : फक्त झाकणालाच असंल अन् गाडी जवळच्या जवळच चालत असंल तर ती आतल्या वाफेची साय, एक लांबची ट्रिप मारली की जाते. पण ऑईल मोजायची दांडी काढल्यावर ऑईलच दुधाळ दिसलं, लेव्हल वाढली अन् रेडिएटरचं पाणी कमी व्हायलंय, तर गाडी चालूच करू नका. पाणी सिलिंडरात साचलं असंल तर सेल्फ मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. अन् हेडच्या आधी ऑईल कूलर तपासा, तो फुटला तरी ऑईल-पाणी एक होतं.

प्रश्न : पाणी गळायला लागलं की आमचे ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळद टाकतात. हेड गॅस्केटला पण चालते का?
– वसमतचे एक वाचक

उत्तर : वसमतकरांकडं हळदीची कमी नाही हे मान्य! रेडिएटरची बारीक फट रस्त्यात मिटवून घर गाठायला ती कामाला येते, हे खरं. पण हेड गॅस्केटजवळ शंभर बारचा गॅस असतो, तिथं हळद काय टिकणार. वरून ती नळ्यांत अन् हीटरच्या जाळीत जाऊन बसते. बाजारातल्या लीक बंद करायच्या पावडरीचंही तेच. टाकलीच असंल तर घरी आल्यावर सगळं पाणी काढून, खालचा होज पाईप सोडून, नळीनं उलट्या बाजूनं पाणी मारून रेडिएटर धुवा, स्वच्छ पाणी येईपर्यंत, अन् मगच कुलंट भरा.