गाडीचे जादा दिवे एकाच स्विचवर स्थिर आणि लुकलुकते

मध्ये बंद आणि दोन्ही टोकांना चालू असा तीन स्थितींचा स्विच घ्यावा. त्याचा मधला पाय रिलेच्या (कॉइलमधल्या छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) 86 क्रमांकाच्या टोकाला जोडून एका बाजूला थेट 12 व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला फ्लॅशरमधून (पुरवठा सतत चालू-बंद करून दिवे लुकलुकवणाऱ्या भागातून) आलेला पुरवठा द्यावा. रिलेचे 85 चेसिसला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला), 30 बॅटरीला आणि 87 दिव्यांना जाते. फ्लॅशर मात्र इलेक्ट्रॉनिकच हवा, कारण जुन्या फ्लॅशरमधील पट्टी दिव्यांच्या प्रवाहाने तापून उघडझाप करते आणि रिलेच्या कॉइलचा अत्यल्प प्रवाह तिला पुरत नाही. माझे दिवे याच कारणाने सुरुवातीला नुसते स्थिर जळत राहिले. 55 वॅटचे दोन दिवे सुमारे 9 अँपिअर ओढतात, म्हणून 15 अँपिअरचा फ्यूज आणि त्याला साजेशी जाड तार वापरावी. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळच बसवा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली तार पत्र्यावर घासली गेली तर तिला वाचवणारे काहीच नसते.