धीर सुटला म्हणजे विश्वास सुटला का?

प्रश्न : माझे पती ४६ वर्षांचे आहेत. ३ वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो आणि पहाटेच्या एसटीने शहरात जातो. आमच्या चर्चच्या मंडळीतील सर्वजण सांगतात की संकटाने विश्वास बळकट होतो. माझा मात्र दिवसेंदिवस पातळ होत चालला आहे. मागच्या महिन्यात एका चंगाई सभेत, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेत, बाहेरून आलेल्या प्रचारकाने, तुमच्या घरात लपलेले पाप आहे, खरा विश्वास असेल तर मशीन सोडून दाखवा, असे सांगितले. तेव्हापासून पती डळमळले आहेत. रात्री मी आता प्रार्थनाही करीत नाही. त्यांच्या हातावरच्या फिस्च्युलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवून थरथर लागते का एवढे पाहते आणि झोपते. आमची १२ वर्षांची मुलगी विचारते, देव पप्पांना बरे करणार का? तिला काय सांगू?
– एक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, प्रभूमध्ये सलाम.

मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करावी असे मनात होते, पण त्याआधी एक गोष्ट आजच्या आज मिटायला हवी. डायलिसिसची एकही पाळी चुकवू नका. निकामी किडन्यांना शरीरातले जादा पाणी आणि पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. मशीन सोडले की पाणी फुप्फुसांत साठते, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात आणि थोड्याच दिवसांत जिवावर बेतते. तो प्रचारक एव्हाना पुढच्या गावच्या सभेत असेल. त्याच्या बोलण्याचे जे काही व्हायचे ते तुमच्या घरात होईल. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असा सल्ला प्रभू येशूलाही एकदा मिळाला होता. तो कोणी दिला होता आणि प्रभूने त्याला काय उत्तर दिले, हे बायबलमधील मत्तयाच्या चौथ्या अध्यायातून तुमच्या यजमानांना मोठ्याने वाचून दाखवा. प्रेषित पौलाचा सोबती लूक हा वैद्य होता, आणि आपल्याच मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचे रुग्णालय उभे केले ते प्रार्थनेवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. औषध घेणारा माणूस देवाला कमी लेखतो, ही शिकवण शास्त्रात कोठेही नाही.

लपलेल्या पापाविषयी मी थोडक्यातच लिहिते, कारण त्या आरोपाला याहून अधिक जागा देण्याची माझी इच्छा नाही. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता : पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. योहानाचा नववा अध्याय पाहा.

आता तुमच्या विश्वासाकडे येते. संकटाने विश्वास बळकट होतो, हे वाक्य आपल्या मंडळ्यांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, ज्याच्यावर संकट आले आहे त्याला ते एखाद्या परीक्षेच्या निकालासारखे वाटू लागते. संकट येऊन ३ वर्षे झाली तरी विश्वास वाढला नाही, म्हणजे आपण नापास झालो, असा हिशेब मनात मांडला जातो. तुमच्या पत्रात तोच हिशेब आहे आणि तो चुकीचा आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौलाने संकटापासून आशेपर्यंतचा जो क्रम लावला आहे, त्यात संकटानंतर लगेच आशा येत नाही; संकटाने धीर, धीराने शील आणि शीलाने आशा, असा तो पायरीपायरीने चढत जातो. तुम्ही पहिल्या पायरीवर उभ्या आहात आणि शेवटची पायरी दिसत नाही म्हणून स्वतःला दोष देत आहात.

त्यातला ‘धीर’ हा शब्द मला नेहमी थांबवतो. मराठीत आपण धीर धरतो तसा धीर देतोही; एखाद्याचा धीर सुटतो, तेव्हा शेजारचा कोणीतरी त्याला धीर बांधतो. म्हणजे ही गोष्ट एकट्याने कमवायची नसून हातोहात पोहोचणारी आहे, हे आपल्या भाषेला चांगले ठाऊक आहे. तुम्ही ३ वर्षे सर्वांना धीर देत आलात. तुम्हाला तो कोणी दिला, हे तुमच्या पत्रात मला कोठेच सापडले नाही, आणि विश्वास पातळ होण्याचे कारण मला तेथे दिसते.

प्रार्थना करीत नाही, असे तुम्ही लिहिता. तुम्हाला अभिप्रेत असलेली प्रार्थना, म्हणजे आभाराने सुरू होऊन ‘आमेन’वर संपणारी, ती कदाचित थांबली असेल. स्तोत्रसंहितेतील ८८वे स्तोत्र उघडून पाहा. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी कोठेतरी स्तुतीकडे वळतात; हे वळत नाही, अंधाराच्या शब्दावरच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. बायबलमधल्या ईयोबाचे, सर्वस्व गमावलेल्या त्या माणसाचे, पाहा. त्याचे मित्र आले तेव्हा ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, आणि माझ्या मते त्यांनी केलेले एकमेव चांगले काम तेच. त्यानंतर त्यांनी तोंड उघडले आणि तुमच्या प्रचारकासारखेच बोलू लागले. ईयोब मात्र देवाशी भांडला, त्याच्याकडे जाब मागत राहिला. शेवटच्या अध्यायात देव त्या मित्रांना सुनावतो की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसे योग्य बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकीचे ठरले आणि देवाकडे तक्रार करणारा खरा ठरला, हे आपल्या व्यासपीठांवरून फारसे ऐकू येत नाही. तेव्हा तक्रार करा, शब्द नसतील तर तेच स्तोत्र पुन्हा पुन्हा वाचा. माझे पती गेले त्या वर्षी मी उपासनेत गीताचे पुस्तक उघडून नुसती उभी राहत असे. शेजारची बाई माझ्या वाटचेही गात असे, आणि त्यात काही कमी पडले असे मला आजही वाटत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपण जरा जास्तच वापरतो, तरीही येथे ते टाळता येत नाही. १८७४ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत त्यांचे आईवडील आणि पाठोपाठ थोरली बहीण गेली. आईची तिरडी उचलायला पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा बहीणभावांना स्वतः खांदा द्यावा लागला, आणि उंची कमी म्हणून रमाबाईंनी आपल्या वाटचा भार डोक्यावर घेतला. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीला पटकीने नेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला खरा, पण ख्रिस्ताची ओळख आपल्याला त्यानंतर कित्येक वर्षांनी पटली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. इतक्या आघातांनंतरही त्यांचा विश्वास सावकाश वाढला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या, त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. भुकेने माणसाचे काय होते हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा त्यांच्या आधी गेली. त्याही स्थितीत त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालू ठेवले आणि एप्रिल १९२२ मधील आपल्या मृत्यूपूर्वी ते पुरे केले. त्या दुःखाने त्यांचे भले झाले, असे म्हणण्याची माझी हिंमत नाही. दुःख चांगले नसतेच. देवाने त्या दुःखात त्यांचा हात सोडला नाही, एवढेच मी म्हणते, आणि भरवसा याचा अर्थ मला तेवढाच कळतो.

आता करण्याजोग्या दोन गोष्टी सांगते. तुमच्या पाळकांना भेटून चंगाई सभेतला प्रकार स्पष्ट सांगा आणि यजमानांशी बोलायला त्यांना घरी बोलवा. याबाबतीत पाळकाच्या तोंडचा शब्द तुमच्या शब्दापेक्षा अधिक उपयोगी पडेल. दुसरे असे की, महिला मंडळातल्या दोघींना सांगा की तुम्हाला उपदेश नको, आठवड्यातली एक पाळी हवी आहे. डायलिसिसचे ते ४ तास त्यांनी यजमानांजवळ बसावे, डबा न्यावा, परतीच्या एसटीत त्यांना बसवून द्यावे, आणि तुम्ही त्या दिवशी घरी झोपावे. मागायला संकोच वाटेल. तरीही मागा. खर्चाचा भार असेल तर डायलिसिस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का आणि प्रत्यारोपणासाठी नाव कसे नोंदवायचे, या दोन्ही गोष्टी रुग्णालयात विचारून घ्या.

मुलीला खोटे आश्वासन देऊ नका. देव पप्पांना नक्की बरे करील असे आज सांगितलेत आणि तसे घडले नाही, तर तिला एकाच दिवशी वडील आणि देव दोघेही गमवावे लागतील. मला ठाऊक नाही, असे सांगा. पौलाने शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीन वेळा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरेशी आहे’ असे उत्तर त्याला मिळाले, काटा गेला नाही, हेही तिला सांगा. १२ वर्षांच्या मुलीला हे कळते. मग रात्री पप्पांच्या हातावर तिचे बोट ठेवून ती थरथर तिलाही एकदा लागू द्या. त्या वेळी ती देवावर रागावून काही बोलली तर तिला गप्प करू नका.