संवादातल्या शिव्यांबद्दल

तुझ्या गेमचे संवाद वाचले. कथा दमदार आहे, पण सगळी पात्रं सारख्याच शिव्या देतात. नावं झाकली तर कोण बोलतंय ते ओळखू येत नाही. आधी ते सुधार.

'द लास्ट ऑफ अस' (२०१३) या गेममधली एली १४ वर्षांची आणि तोंडाने फटकळ. तिच्या शिव्या पटतात, कारण तीच पोरगी मध्येच पुस्तकातले टुकार विनोदही वाचून दाखवते. शिवी तिच्या स्वभावातून येते.

आता 'पेपर्स, प्लीज' बघ, तोही २०१३चाच. सीमेवर कागदपत्रं तपासणारा अधिकारी म्हणजे आपण. एक माणूस पुढे जाताना सांगतो, मागे माझी बायको आहे, तिला सांभाळून घ्या. ती येते, तिच्याकडे प्रवेश परवाना नाही. परत पाठवलं तर मारून टाकतील म्हणते. सोडलं तर आपल्याला ताकीद मिळते. सगळी साधी वाक्यं, शिवी एकही नाही, तरी शिक्का उचलताना हात जड होतो. प्रौढ लेखन मी याला म्हणतो.

लढाईतल्या आरोळ्यांना तर फारच जप. तीच ओळ खेळणाऱ्याच्या कानावर पुन्हा पुन्हा पडते, आणि शिवी सगळ्यात लवकर बोथट होते. तिथे कामाचं बोलू दे: 'भिंतीमागे आहे', 'गोळ्या संपल्या'.

पुढच्या मसुद्यात शिव्या फक्त सार्जंटकडे ठेव. डॉक्टरीणबाईंना शेवटच्या प्रसंगापर्यंत एकही देऊ नकोस. लिहून झालं की पाठव, मी वाचतो.