वाचकांचे प्रश्न : पैसे घेताना पिन लागत नाही

प्रश्न : गुहागरजवळ आम्ही राहत्या घरातच निवास-न्याहारीची सोय करतो. सैन्यात अधिकारी असल्याचे सांगणाऱ्या एका गृहस्थाने चार खोल्या मागितल्या, स्वतःच्या ओळखपत्राचा फोटो पाठवला आणि ‘आगाऊ रक्कम जमा होण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असे सांगितले. पिन टाकताच खात्यातून १८,००० रुपये गेले. लाजेपोटी आठ दिवस मी घरात कोणाला बोलले नाही. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पैसे परत मिळतील का?

उत्तर : बँकेचे म्हणणे कटू असले तरी नियमाला धरून आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे असते. तरीही १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आजच तक्रार नोंदवा. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवली जाते आणि वाटेत कुठे अडवता आली, तर न्यायालयाच्या आदेशाने ती परत मिळू शकते. पहिल्या तासाभरात फोन केला असता तर आशा बरीच मोठी असती. लाज आपल्याला नव्हे, त्या भामट्याला वाटायला हवी होती, आणि नेमक्या आपल्या या संकोचावरच त्याचा धंदा चालतो.

आपल्या पडवीतल्या भिंतीवर क्यूआर लावलेला असेल. तो पाहुणा स्कॅन करतो आणि पिनही पाहुणाच टाकतो. त्या भामट्याने हीच रीत उलटी करून दाखवली. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिनचा चौकोन समोर आला की पैसे आपल्याच खात्यातून जाणार आहेत, असे समजावे.

त्याने पाठवलेले ओळखपत्र बहुधा कोणा खऱ्या जवानाचे, चोरलेले असावे. म्हणून उलट मीच आपल्याला विचारतो : आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांच्या आधारचे फोटो आपल्या मोबाइलमध्ये किती वर्षांचे साठले आहेत? पाहुण्यांकडून शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क केलेले आधार घ्यावे आणि गरज संपली की जुने फोटो पुसून टाकावेत.

प्रश्न : माझे वडील निवृत्त शिक्षक असून राजापूरला एकटेच राहतात. गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री त्यांच्या डेबिट कार्डावरून परदेशी संकेतस्थळावर ९,४०० रुपये खर्च झाल्याचा संदेश आला. ओटीपी आला नव्हता आणि त्यांनी कोणाला काही सांगितलेही नव्हते. सणामुळे शाखा बंद होती. मी मुंबईहून पोहोचलो तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. आता उशीर झाला का?

उत्तर : नाही. परदेशातील काही संकेतस्थळांवर ओटीपीशिवायही व्यवहार होतो, त्यामुळे कार्डाचा तपशील दुसरीकडून फुटला असण्याची शक्यता आहे. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना असे घडले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच परिपत्रकानुसार ग्राहकाला एक रुपयाही सोसावा लागत नाही. चार ते सात दिवस लागले, तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंत भार पडू शकतो. हे दिवस वडिलांच्या शाखेच्या कामकाजाप्रमाणे मोजायचे असतात आणि संदेश आला तो दिवस त्यात धरायचा नसतो. चतुर्थीची सुट्टी त्यामुळे आपल्याच बाजूची आहे. अर्थात शाखा उघडण्याची वाट पाहायची गरजच नव्हती, कारण कार्ड बंद करण्याचा बँकेचा फोन सुट्टीतही चालू असतो.

लेखी तक्रार करून पोच घ्यावी. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करणे आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढणे बँकेवर बंधनकारक आहे. चूक ग्राहकाची होती असे बँकेला म्हणायचे असेल, तर ते तिनेच सिद्ध करायचे असते. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

नव्या कार्डात परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून बंद ठेवता येतात. पेन्शन काढण्यापलीकडे ज्यांना कार्डाचा उपयोग नाही, त्यांच्यासाठी मी तरी दोन्ही बंदच ठेवीन.

प्रश्न : मी कधीही न घेतलेले कर्ज माझ्या पॅनवर दिसत आहे. काय करावे? (देवगड)

उत्तर : सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या, लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चारही संस्थांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो घेऊन संबंधित संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडे एकाच दिवशी लेखी हरकत नोंदवावी. आपल्या नावावर किती सिमकार्डे चालू आहेत, हे संचार साथी संकेतस्थळावर पाहावे. अनोळखी क्रमांक दिसल्यास तेथेच कळवता येतो. दुसऱ्याच्या ओळखीचा असा वापर हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६क (इंग्रजीत 66A) नव्हे, तर ६६सी (66C) प्रमाणे तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. मराठी अक्षरांमुळे अर्ज लिहिताना येथे घोटाळा होतो. म्हणून पोलिसांकडेही तक्रार करा आणि तिच्या काही प्रती घरात ठेवा. वसुलीचा माणूस दारात आला, तर त्याच्या हाती पैसे न देता एक प्रत द्यावी.