घरी बनवलेल्या प्रोजेक्टरला थंड ठेवताना

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. १०० वॅटच्या एलईडी दिव्याच्या हीटसिंकवर (दिव्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर) १२० मिलिमीटरचा पंखा लावाच. पण माझ्या मते खरी काळजी चित्र उमटवणाऱ्या एलसीडी पॅनेलची आहे, कारण उष्णतेने त्याची पोलरायझर फिल्म (प्रकाश गाळणारा पातळ थर) खराब होऊन चित्रावर कायमचा डाग राहतो, म्हणून पॅनेलच्या दोन्ही बाजूंनी हवा वाहील असा स्वतंत्र पंखा द्यावा. गरम हवा बाहेर पडण्याची जागा आत येण्याच्या जागेपासून दूर ठेवावी. कूलरच्या झोतात प्रोजेक्टर ठेवण्याचा मोह कृपया टाळावा. दमट हवेने माझे एक पॅनेल गेले. हीटसिंक फार तापताच एलईडी बंद करणारा थर्मल स्विच मात्र पहिल्याच दिवशी बसवावा.